साल कुठे संपते

परत आलेला खोका उघडण्याआधीच आत्याला कळलं. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून कानाशी नेला आणि तान्ह्या मुलाची कूस बदलावी तसा हळूच वळवला. आतून वाळू सरकल्यासारखा आवाज आला. काच पुरती मोडली की खणखणत नाही, ती कुजबुजते.

"गेलं," आत्या म्हणाली.

खोका माझा होता. म्हणजे डिझाइनच्या शेवटच्या वर्षासाठी मी तो केला होता: पपनसासारखा गोल, पपनसासारखा पिवळा, वरती देठाच्या जागी कापडी मूठ. पपनस उंच फांदीवरून फरशीवर पडतं आणि फुटत नाही. संस्थेच्या मागच्या अंगणात हे दृश्य मी चार वर्षं पाहत आले होते. त्यावरून मला हा खोका सुचला. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. संस्थेच्या लांबलचक व्हरांड्यात, 'निसर्ग हाच गुरू' अशा मथळ्याखाली, त्याचं माझ्या उंचीचं छायाचित्र लागलं. फक्त एक गोष्ट राहिली होती. त्या खोक्यातून कुणी काही पाठवलं नव्हतं. ते धाडस पहिल्यांदा आत्यानं केलं, कारण ती माझी आत्या होती.

माझ्या वडिलांची ही थोरली बहीण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांसाठी काच फुंकते. बर्नरच्या निळ्या ज्योतीत ती नळी फिरवत राहते आणि तांबूस झालेली काच मधासारखी लोंबू लागली की गाल फुगवून तिच्यात श्वास सोडते. तिचं सगळ्यात अवघड काम म्हणजे कंडेन्सर. बाहेर एक सरळ नळी, तिच्या पोटात दुसरी, वेटोळ्यांची. एकीतून थंड पाणी वाहतं, दुसरीतून वाफ जाते आणि थेंब होऊन उतरते. एक कंडेन्सर करायला दोन दिवस लागतात. तो हातात धरला की आपण काही धरलंय असं वाटत नाही; कुणाचा तरी श्वास तेवढा आकार घेऊन थांबलाय असं वाटतं.

फुटलेल्या मालासोबत प्रयोगशाळेची चिठ्ठी आली होती. ही लागोपाठ तिसरी खेप फुटून पोहोचली. पुढचीही अशीच आली तर नाइलाजानं यंत्रावर बनलेला माल घ्यावा लागेल. आत्याकडे एवढी एकच प्रयोगशाळा उरली होती. तिनं चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली.

"आणखी एक करते," ती म्हणाली. "तोही फुटला तर ज्योत बंद. सिलिंडर परत पाठवून देईन."

"आणि मग तू काय करशील?"

"झोपेन. तीस वर्षं उभी आहे मी. तू नको तोंड पाडूस. तुझा खोका बाकी देखणा हो! मेलेल्या माणसाला नवे कपडे घालावेत, तसा."

आत्याची थट्टा जिव्हारी लागते, कारण ती थट्टा करताना हसत नाही.

मी घरी जाऊन माझा अहवाल काढला. त्याचं शेवटचं पान मला पाठ होतं: 'जोवर माल हाताळणाऱ्यांची मानसिकता बदलत नाही, तोवर कोणतंही वेष्टन अपुरंच ठरेल.' हे वाक्य लिहिलं तेव्हा मला ते फार प्रगल्भ वाटलं होतं. आमच्या संस्थेत 'मानसिकता' हा शब्द पाण्यासारखा वापरला जायचा. आपली वस्तू चालली नाही की लोकांची मानसिकता, आणि चालली की आपली प्रतिभा. त्या संध्याकाळी मला त्या वाक्यात एवढंच दिसलं, की ते खरं आहे आणि मी ते ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना सुनवायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालवाहतुकीच्या गोदामात गेले, भांडायला.

गोदाम म्हणजे पत्र्याखालचं एक लांब, धुळकट पोट होतं. एका तोंडाशी ट्रक रिकामे होत होते, दुसऱ्या तोंडाशी भरले जात होते. मधे हमालांची रांग. एक जण खोका फेकायचा, दुसरा झेलायचा, तिसरा रचायचा, आणि यात एक ताल होता, जो तोडला तर कुणाच्या तरी बोटावर बेतलं असतं. मुकादम एका पेटीवर बसून यादी पाहत होता. मिशा पांढऱ्या, कानावर पेन्सिल.

"मुकादम, माझा खोका तुमच्या माणसांनी फेकला," मी म्हणाले.

"कुठला?"

"पिवळा. गोल. त्यावर चारी बाजूंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'काच, जपून हाताळा'."

"तो होय! टरबूज!" रांगेतले दोघंतिघं हसले. "फेकला नाही हो ताई. कुणी हात लावायला तयार होईना, फेकणार कोण?"

"मग फुटला कसा?"

"पडला."

"कुठून?"

त्यानं पेन्सिलीनं वर दाखवलं. ट्रकच्या हौद्यात खोक्यांची रास थेट ताडपत्रीला टेकली होती.

"तिथून? इतक्या उंचावर ठेवलाच कसा तुम्ही?"

"आता बघा, जपा म्हणून तुम्हीच लिहिता." मुकादम समजूत घालायच्या सुरात म्हणाला. "काचेचा माल खाली ठेवला तर वरच्या वजनानं चिरडायचा. म्हणून काच नेहमी सगळ्यात वर. आमच्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. त्यात तुमचा तो गोल. त्याच्यावर काही बसेना, तो कशाच्या मधे बसेना. मग ठेवला मानानं शेंड्यावर. ट्रकनं पहिलं वळण घेतलं, की शेंड्यावरचा पहिला खाली."

तीन शब्दांची ती विनंती मी स्वतः कोरली होती, तिच्यासाठी अक्षराचं वळण निवडायला आठवडा घालवला होता. आणि तिच्यामुळेच, तिचा मान राखला गेल्यामुळेच, आत्याचा कंडेन्सर सगळ्यात उंचावरून पडला होता. ही माणसं निष्काळजी असती तर तो वाचला असता.

"मग पाठवायचं तरी कसं?" माझा आवाज भांडणाचा उरला नव्हता.

"वाटेत तीनदा माल उतरतो, ताई. इथं मी आहे, पुढं दुसरा मुकादम, त्याच्यापुढं तिसरा. कुणाकुणाला सांगत बसणार?" मग तो सहज, यादीकडे पाहत, बोलून गेला, "पडणाऱ्यानं पडायची तयारी ठेवावी. जमिनीला काय सांगायचं?"

तिथून मी सरळ संस्थेच्या मागच्या अंगणात गेले. पपनसाच्या झाडाखाली तीन फळं पडली होती. फरशीला त्यांच्या पडण्याची खबरही नसावी. ते झाड खाली कोण आहे, फरशी आहे की माती, हे कधी विचारत नव्हतं. त्यानं आपल्या उत्तराची सगळी जुळणी फळाच्या आत करून ठेवली होती आणि मग शांतपणे देठ सोडला होता. मी त्या झाडाची शंभरेक रेखाटनं केली होती. पेन्सिलीत, शाईत, जलरंगात. पानांच्या देठांवरच्या पंखांपासून ते सालीवरच्या तेलाच्या ठिपक्यांपर्यंत सगळं. चार वर्षांत एक फळ मात्र कधी कापलं नव्हतं.

तिन्ही फळं पिशवीत घालून मी आत्याकडे गेले. ती ज्योतीसमोर होती. नव्या कंडेन्सरची वेटोळी वळत होती. मी कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावर पहिलं पपनस मधोमध चिरलं.

पिवळी कड कागदाइतकी पातळ होती. तिच्या आत पांढरं, बोटाच्या पेराएवढं जाड. अगदी कडेला ते दाट होतं, मग विरळ होत गेलं, मधोमध ढगासारखं पोकळ झालं आणि गराजवळ पोहोचता पोहोचता पुन्हा आवळलं गेलं. मी सुरीच्या टोकानं साल आणि गाभा यांच्यामधली रेघ शोधू लागले. सापडली नाही. दुसरं फळ उभं कापलं, तिसरं आडवं. तिथंही नाही.

"काय शोधतेस?" आत्यानं ज्योत बारीक केली.

"साल कुठे संपते ते."

ती उठून आली. चष्मा कपाळावरून खाली ओढून तिनं अर्धं फळ उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"तुझ्या खोक्यात काय होतं?"

"बाहेर कडक कवच, आत मऊ फोम."

"आणि दोन्ही चिकटवलेले."

"हो."

"म्हणजे जोड होता. अगं ए दीडशहाणे, इकडे ये."

तिनं फडताळातून एक जुनी नळी काढली. तिचं एक टोक एका प्रकारच्या काचेचं होतं, दुसरं निराळ्या. मधे वीतभर अंतरात पाच फिकट वलयं होती.

"या दोन काचांचं आपसात जमत नाही. एक तापली की फार फुगते, दुसरी कमी. सरळ जोडल्या तर निवताना जोडापाशी तडकतात. म्हणून मधे पायऱ्या घालायच्या. पहिलीपेक्षा जराशी वेगळी काच, तिच्यापेक्षा जराशी वेगळी तिसरी, असं करत करत पलीकडे जायचं. कुणालाच एकदम बदलायला लावायचं नाही." तिनं नळी माझ्या तळहातावर ठेवली. "हे मी बावीस वर्षांची असताना शिकले. तुझ्या या फळाला कुणी शिकवलं देव जाणे. पण त्याला येतं, आणि माझ्यापेक्षा बरं येतं. माझ्या पायऱ्या मोजता येतात. त्याच्या येत नाहीत."

आत्याच्या फडताळात जे तीस वर्षं पडून होतं आणि संस्थेच्या अंगणात जे दर वर्षी पिकून पडत होतं, ते एकच होतं. मी दोन्हींच्या मधोमध राहत होते. एकाकडे ते घरचंच आहे म्हणून नीट पाहिलं नव्हतं, दुसऱ्याकडे ते सुंदर आहे म्हणून.

त्या आठवड्यात मी माझा प्रकल्प मागे घेतला. आमचे मार्गदर्शक सर चहाचा कप हातात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिले.

"अगं, त्याला बक्षीस मिळालंय!"

"सर, आतलं सामान फुटलं."

"ते खरं." त्यांनी कप खाली ठेवला. "पंधरा दिवस आहेत तुझ्याकडे. नवीन काय दाखवशील?"

"पोहोच-पावती."

"आणि ती आली नाही तर?"

"तर एक वर्ष आणखी तुमचा चहा पिईन."

सरांनी सही केली. व्हरांड्यातलं छायाचित्र मात्र काढू दिलं नाही. भिंतीवर चौकोनी डाग दिसेल म्हणाले.

कागदाचा लगदा मी आधीही वापरला होता. या वेळी त्यात साबणाचा फेस घोटून मिसळला. फेस कमी तर लगदा दाट वाळतो, फेस जास्त तर पावासारखा हलका. मी नऊ बादल्या मांडल्या, प्रत्येकीत फेस आधीच्यापेक्षा थोडा अधिक, आणि साच्यात थरावर थर, एक ओला असतानाच दुसरा, असे ओतत गेले. सांधा राहू नये एवढीच अट होती. गराजवळ, म्हणजे काचेजवळ, पुन्हा दाट. आकार पपनसाचा नव्हता. साधा, चौकोनी, कुणाच्याही खाली आणि कुणाच्याही वर बसेल असा. फळाला ट्रकमध्ये रचून जायचं नसतं, माझ्या खोक्याला जायचं होतं. गुरूचं सगळंच उचलायचं नसतं, हे व्हरांड्यातल्या मथळ्यात कुणी लिहिलं नव्हतं.

पहिला ठोकळा वाळलाच नाही. त्याला बुरशी आली आणि वर्गभर कुबट वास सुटला. "तुझं पपनस सडलं गं," असं म्हणत मैत्रिणी नाकाला रुमाल लावून माझ्या टेबलावरून जायच्या. दुसरा वाळताना पिळवटला. तिसरा बरा वाटला. त्यात आत्याकडची एक चिरलेली नळी ठेवून मी तो जिन्यावरून सोडला, आणि नळीचे चार तुकडे झाले. चौथ्यात मी मधला थर आणखी फुलवला. पाचवा दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून टाकला तेव्हा खाली उभ्या मैत्रिणींनी कान झाकले. खोका धप्पकन आपटला, एक कोपरा बसला, आणि आतली नळी अखंड निघाली. मी तीच नळी, तोच खोका, उरलेल्या तीन कोपऱ्यांवर पुन्हा पुन्हा टाकला. चौथ्या खेपेला कुणीही कान झाकले नाहीत.

सहावा खोका आत्यासाठी केला. राखाडी, खरबरीत, देखणा म्हणावा असं काही नसलेला. आत्यानं नवा कंडेन्सर त्याच्या पोटात ठेवला. वेटोळ्यांच्या वळणाशी लगदा नेमका येऊन भिडला. तिनं झाकण लावलं आणि खण उघडून खोक्यावर डकवायची जुनी लाल चिठ्ठी काढली.

"नाही, आत्या. 'काच' लिहायचं नाही."

"वेडी आहेस का? निदान 'जपून' तरी लिही."

"जपून लिहिलं की वर जाईल. वर गेलं की पडेल."

"आणि नाही लिहिलं तर फेकतील!"

"फेकू देत. त्याचीच तयारी केलीय."

तिची बोटं चिठ्ठीवर तशीच राहिली. मी तिच्या चेहऱ्यावर प्रथमच भीती पाहिली, आणि मलाही तीच भीती आहे हे तिला दिसू नये म्हणून खोक्याची दोरी आवळत बसले. माझं एक वर्ष गेलं असतं. ते परत मिळालं असतं. तिची ज्योत एकदा विझली तर तिच्या वयाला पुन्हा पेटणार नव्हती.

"दोन दिवसांचं काम आहे त्यात," ती हळू म्हणाली.

"माहीत आहे."

"तीस वर्षांचंही."

"तेही माहीत आहे, आत्या."

तिनं चिठ्ठी खणात टाकली आणि खण धाडकन लावला. "चल, घेऊन जा! पुन्हा विचार करायला लावू नकोस मला."

गोदामात मुकादमानं खोका उलटापालटा करून पाहिला. "पत्ता आहे. बाकी काही लिहायचं नाही?"

"नाही."

"आत काय आहे?"

"सामान."

त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान फिरवून ओरडला, "हां, घे रे!" खोका हवेत गेला. पहिल्या हमालानं झेलला, दुसऱ्याकडे भिरकावला, दुसऱ्यानं राशीच्या तळाशी नेऊन आपटला, आणि त्याच्यावर लोखंडी बिजागऱ्यांच्या दोन पेट्या बसल्या. माझ्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. निघाला असता तर सगळं तिथंच फुकट गेलं असतं.

प्रयोगशाळा एका दिवसाच्या अंतरावर होती. आत्या म्हणाली, चिठ्ठीची वाट बघायला जीव राहायचा नाही, समोरच उघडू दे. म्हणून आम्ही दोघी बसनं गेलो आणि खोक्याच्या आधी पोहोचलो. दुपारी तो आला. एक कोपरा पार चेपलेला, एका बाजूला कुणाच्या तरी बुटाचा ठसा, दोरी निम्मी तुटलेली. आत्यानं तो पाहिला आणि ती भिंतीला टेकली.

भांडारपाल सडपातळ, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी खोक्याकडे पाहून नुसता उसासा सोडला. "बाई, काय हे! निदान या वेळी तरी नीट बांधायचं होतं."

"उघडा," आत्या म्हणाली.

त्यांनी दोरी कापली, झाकण काढलं, आणि काही क्षण त्यांचा हात आत तसाच राहिला. मग त्यांनी दोन्ही हात घातले. कंडेन्सर बाहेर आला, उजेडात आला. त्यांनी तो फिरवला, नखानं टिचकी मारली, जोडांवरून बोट फिरवलं. तरी विश्वास बसेना. स्टँडला अडकवून त्यांनी रबरी नळी लावली आणि नळ सोडला. बाहेरच्या नळीत पाणी खालून वर चढत गेलं आणि वेटोळ्यांना एकेक करून कवेत घेत वरच्या तोंडातून खळखळून बाहेर पडलं. वेटोळ्यांच्या आत, किंवा जोडांवर, थेंबभरही ओल नव्हती.

"एकही नाही," ते पुटपुटले. "एकही तडा नाही!" आणि मग, शेजारच्या खोलीतली माणसं डोकावावीत एवढ्या मोठ्यानं, "अहो, या इकडे! बघा तरी!"

पांढऱ्या कोटातली पाचसहा माणसं जमली. कुणी पाण्याकडे पाहत होतं, कुणी बुटाच्या ठशाकडे. मी पोहोच-पावतीवर सही घेतली. गर्दीतली एक तरुण संशोधक आत्यापाशी आली.

"मावशी, एक विचारू? आम्हाला दुहेरी वेटोळ्यांचा हवा होता. एकात एक. सगळे म्हणाले, असा कुणी बनवतच नाही. तुम्हाला बनवता येईल का?"

आत्या भिंतीपासून सरळ झाली. पदरानं तिनं चष्मा पुसला, डोळे नाही. ते तसेच वाहू दिले.

"बनवता येत होतंच, बाळ. सतरा वर्षांपूर्वी पहिला केला. पाठवता येत नव्हता." तिनं भांडारपालांच्या खिशातली पेन्सिल परस्पर काढून घेतली आणि चेपलेला खोका स्वतःकडे ओढला. "लांबी सांग. आतलं वेटोळं डावं हवं की उजवं? आणि किती हवेत ते एकदमच सांगून टाक, मला उद्या सकाळी ज्योतीपुढं उभं राहायचंय."